ब्लू माउंटन्समधली रात्रीची याउई टूर : माकड सोडून बरंच काही दिसलं

आधी निकाल सांगून टाकतो म्हणजे घाईतले लोक मोकळे. याउई दिसला नाही. केस नाही, वास नाही, पायाचा ठसाही नाही. तरी टूरला पाचपैकी साडेतीन स्टार देतोय आणि जो दीड कापलाय तो याउई दिसला नाही म्हणून कापलेला नाही, कारण खाली येतंय. कंपनीचं नाव घेत नाही, सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्समध्ये, कटूंबा भागात अशा टूर शोधल्या की सापडतात.

ज्यांनी नाव ऐकलं नाहीये त्यांच्यासाठी, याउई म्हणजे ऑस्ट्रेलियाचा हिममानव समजा. दोन पायांवर चालणारा, केसाळ, धिप्पाड, क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्सच्या डोंगररांगांत लोकांना 'दिसलेला'. आणि हे काही युट्यूब आल्यावरचं खूळ नाही हां. 1882 मध्ये हेन्री मॅकूई नावाच्या माणसाने सिडनीच्या एका पेपरला पत्र लिहून सांगितलं होतं की दक्षिण किनाऱ्यावर बेटमन्स बे आणि उलाडुला यांच्या मधल्या भागात मी शेपूट नसलेलं काळं केसाळ माकड बघितलंय, आणि वर ऑफर काय तर 40 पौंड द्या, ऑस्ट्रेलियन म्युझियमसाठी एक पकडून आणतो! ते माकड म्युझियममध्ये कधी आलं नाही हे वेगळं सांगायला नको. मग 1970 च्या दशकात कटूंबाच्याच रेक्स गिलरॉय या याउई शोधणाऱ्या माणसाने हा विषय घराघरात नेला आणि 1990 च्या दशकात तर कॅडबरीने याउई चॉकलेट काढलं, आत खेळणं असलेलं. इथे वाढलेल्या माझ्या ऑफिसमधल्या लोकांना याउई म्हटलं की जंगल नाही, ते चॉकलेटच आठवतं.

तर टूर. अंधार पडायच्या आधी जमायचं, अर्ध्या तासाचं ब्रीफिंग, मग गाडीने फायर ट्रेलपर्यंत (वणव्याच्या वेळी बंबांसाठी ठेवलेला जंगलातला कच्चा रस्ता) आणि तिथून पायी. छोटा ग्रुप, दोन गाइड. एक मुख्य होस्ट, पन्नाशीचा, गप्पिष्ट, आवाज एकदम रेडिओवाला. दुसरी एक तरुण मुलगी जी फारसं बोलत नव्हती पण खरी टूर तिनेच करवली असं माझं मत आहे. माणशी दीडशे डॉलरच्या वर पडतात, त्यात थर्मल मोनोक्युलर (एका डोळ्याने बघायची, उष्णता टिपणारी दुर्बीण), लाल लाइटवाला हेडटॉर्च आणि चहा-बिस्किटं येतात. थर्मल वापरायला मिळतो हे एकच कारण धरलं तरी पैसे वसूल आहेत, कारण बऱ्यापैकी थर्मलची किंमत हजारांत जाते आणि हौशीसाठी कोण घेणार.

थर्मलबद्दल जरा डिटेलमध्ये सांगतो कारण सगळे 'पुरावे' हल्ली त्यातूनच येतात. तो उजेड बघत नाही, उष्णता बघतो, त्यामुळे गरम ते पांढरं आणि गार ते काळं. इथले सँडस्टोनचे कडे दिवसभर तापलेले असतात आणि सुरुवातीचा बराच वेळ तेच मस्त चमकतात, एखादा सुटा दगड झुडपाआड असला तर कोणीतरी दबा धरून बसलंय असंच वाटतं. दाट पानांच्या आरपार काही दिसत नाही. आणि लांबून स्वॉम्प वॉलबी, म्हणजे कांगारूची छोटी बहीण, मागच्या पायांवर ताठ उभी राहून तुमच्याकडे बघायला लागली ना की खांदे, मान, डोकं, सगळं माणसासारखं. आमच्यातल्या एकाने तर "दॅट्स इट, दॅट्स इट" करून हात थरथरत रेकॉर्डिंग चालू केलं, मग ते 'इट' उड्या मारत निघून गेलं.

पण खरा माल आहे तो आवाजांचा. एका ठिकाणी सगळ्यांना बसवतात, लाइट बंद, बोलायचं नाही, बराच वेळ. मी इतक्या वर्षांत बुशमध्ये दिवसा भरपूर भटकलोय पण रात्री असं गप्प बसून कधी ऐकलं नव्हतं. आधी लांबून एक जड, दोन सुरांचं वू-हू, ते पॉवरफुल आउल, ऑस्ट्रेलियातलं सगळ्यात मोठं घुबड. मग डोक्यावर कुठेतरी एकदम किंकाळी आणि तिच्या शेवटी घशातली घरघर, अंगावर काटाच आला. आणि मग खालच्या दरीतून घोरणं आणि डरकाळी यांच्या मधलं काहीतरी, इतकं खर्जातलं की जनावर बैलाएवढं असणार असंच वाटावं. होस्ट कुजबुजला, "आम्ही हा आवाज बऱ्याचदा रेकॉर्ड केलाय. काय आहे ते तुम्हीच ठरवा."

इथेच माझा पहिला अर्धा स्टार गेला. कारण परत निघाल्यावर मी त्या मुलीला हळूच विचारलं तर तिने एका वाक्यात सांगितलं, किंकाळी यलो-बेलीड ग्लायडरची (एका झाडावरून दुसऱ्यावर तरंगत जाणारा प्राणी) आणि खालचा तो नर कोआला. कोआला! आठ-दहा किलोचा गुबगुबीत प्राणी हो. 2013 मध्ये संशोधकांनी दाखवलं होतं की त्याच्या घशात नेहमीच्या स्वरयंत्राशिवाय वेगळ्या स्वरपट्ट्या असतात, म्हणून एवढ्याशा जिवाचा आवाज त्याच्या आकाराच्या मानाने साधारण वीसपट खाली जातो. आता मला सांगा, ही माहिती त्या दरीच्या काठावर बसून ऐकायला मिळाली असती तर मजा वाढली असती की कमी झाली असती? पण होस्टला ती द्यायची नाही, कारण मग गूढ संपतं आणि गूढ हाच धंदा.

तेच झाडांवरच्या 'दातांच्या खुणां'चं. एका वॉटलच्या (इथल्या बाभळीच्या) खोडाला पाऊण फूट लांब भाग फोडून काढलेला, आतल्या चिरफळ्या बाहेर, आणि होस्ट म्हणतो याउई आतली अळी खायला दातांनी खोड फोडतो. अळीचं बरोबर आहे, फोडणारा चुकला. यलो-टेल्ड ब्लॅक कॉकटू, तो मोठा काळा काकाकुवा, हेच करतो आणि भरदिवसा करतो, ब्लू माउंटन्समध्ये राहणाऱ्यांनी बघितलेलं असतं.

ट्रेल कॅमेरे, म्हणजे समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारे, त्यांनी तीन-चार लावलेत, त्यांची कार्डं समोरच लॅपटॉपवर उघडून दाखवली, हे आवडलं. वॉम्बॅट, कोल्हा, पॉसम, आणि ढीगभर रिकामे फोटो. एका कॅमेऱ्याचं तोंड उत्तरेला होतं, म्हणजे इथल्या हिशोबाने सूर्य डोळ्यात, मग दिवसभर तापलेली पानं हलली तरी सेन्सर फोटो काढणार. दक्षिणेला तोंड करायचं ही बेसिक गोष्ट आहे, पुराव्याचा धंदा करता तर एवढं तरी करा. शिवाय 2019-20 च्या त्या भयंकर वणव्यांनंतर जळलेल्या जंगलांत प्राणी मोजायला हजाराच्या वर सेन्सर कॅमेरे लावले गेले होते, लाखो फोटो आले, कोआला आले, रानमांजरं आली, कोल्हे आले. सात फुटी माकड आलं नाही. मी हे ब्रीफिंगमध्ये विचारलं तर उत्तर काय, "तो कॅमेरे ओळखतो." झालं, पुढे काय बोलणार!

होस्टचा हुकमी एक्का म्हणजे वोलेमी पाइन. 1994 साली नॅशनल पार्कमध्ये काम करणारा डेव्हिड नोबल सिडनीपासून दोनशे किलोमीटरच्या आतल्या एका घळीत उतरला आणि कोणालाच माहीत नसलेलं झाड त्याला सापडलं, ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे आणि तो सांगतो पण झकास. म्हणे एवढं उंच झाड लपून राहतं तर याउई का नाही? ऐकताना पटतं. पण त्या झाडाच्या घराण्याचे परागकण कोट्यवधी वर्षांच्या खडकांत आधीच मिळालेले होते, म्हणजे घराणं माहीत होतं, फक्त जिवंत वंशज सापडायचा होता. माकडाचं तसं काहीच नाही. माणूस सोडला तर ऑस्ट्रेलियात मूळचा एकही प्रायमेट नाही, एप किंवा माकडाचं एक हाड नाही, दात नाही. आणि एकटा याउई असून चालत नाही ना, पिढ्यान्‌पिढ्या टिकायला कळप लागतो, कळपातले मरतात, त्यांची हाडं पडतात, रस्त्यावर गाडीखाली येतात. वॉम्बॅट येतातच की.

एक गोष्ट मात्र खरंच खटकली. स्लाइड शोमध्ये "इथल्या मूळ लोकांना तो हजारो वर्षं माहीत आहे" म्हणून क्विंकनच्या गुहाचित्रांचे फोटो लावले. क्विंकन केप यॉर्कच्या लॉरा भागातले, इथून दोन हजार किलोमीटरच्या वर, आणि ती त्यांच्याकडची भुतं-आत्मे आहेत, त्यातले काही तर उंच काटकुळे, केसाळ वानराशी संबंधच नाही. दक्षिण किनाऱ्यावरच्या युइन लोकांत दुलागाल आहे, तो केसाळ आहे, पण त्यालाही त्यांच्या डोंगरांचा, त्यांच्या नियमांचा संदर्भ आहे. सगळ्यांना एकाच पोत्यात भरून वर याउईचं लेबल लावायचं आणि ज्या दारुग आणि गंडुंगुरा लोकांच्या जमिनीवर आपण उभे आहोत त्यांचं नाव एका ओळीत उरकायचं, हे बरं नाही दिसत. उरलेला एक स्टार इथे.

बाकी सोय चांगली. गाइडकडे सॅटेलाइट बीकन (अडकलात तर मदतीचा सिग्नल पाठवणारं यंत्र) होता, फर्स्ट एड होतं, आणि मुलीने निघायच्या आधी प्रत्येकाचे बूट बघितले. जळवा लागतात, पँट मोज्यात खोचा, लाज वाटू देऊ नका. उन्हाळ्यातही वर जॅकेट लागतंच. एकट्याने जायचा विचार असेल तर आधी बीकन घ्या, पोलीस आणि नॅशनल पार्कवाले मिळून ब्लू माउंटन्समध्ये ते फुकट वापरायला देतात, फक्त ट्रिपचा फॉर्म भरायचा. नॅशनल पार्कमध्ये परवानगीशिवाय ड्रोन उडवू नका, दंड बसतो.

बुक करताना दोन प्रश्न फोनवरच विचारा. कंपनीकडे पार्कचं टूर लायसन्स आहे का, आणि त्या रात्री कोण गाइड आहे. दोघं असतील तर चालताना त्या मुलीच्या मागे राहा, होस्टच्या मागे गर्दी असतेच. शाळकरी मुलांना न्यायला हरकत नाही पण तो गप्प बसायचा भाग लांबतो, आमच्यातला एक मुलगा तिथेच झोपला आणि त्याच्या घोरण्यावर दोन जणांनी थर्मल रोखले होते.