निवडुंगांची डीएनए ओळख-चाचणी: कुठली सेवा घ्यावी, कुठली टाळावी

डीएनएची अक्षरं क्रमाने वाचणाऱ्या (सिक्वेन्सिंग) प्रयोगशाळांकडे वनस्पती ओळखण्यासाठी साधारण तीन पर्याय असतात: दोन जनुकांचं बारकोडिंग (ठरलेली दोन जनुकं वाचून ओळखीच्या नमुन्यांशी जुळवणं), डीडीरॅड (जीनोमभरचे, म्हणजे संपूर्ण डीएनएवर विखुरलेले तुकडे वाचणं) आणि टार्गेट कॅप्चर (निवडक जनुकंच पकडून वाचणं). तिन्हींना इथे एकच कसोटी लावली आहे. काटे, खोडावरच्या धारा आणि फुलं पाहूनही ज्यांच्यात फरक करता येत नाही, अशा निवडुंगांच्या प्रजाती या सेवेतून वेगळ्या होतात का?

बारकोडिंग सगळ्यात स्वस्त आणि या कामाला सगळ्यात निरुपयोगी. २००९ मध्ये वनस्पतींसाठी मान्य झालेली आरबीसीएल आणि मॅटके ही जनुकं हरितलवकातली आहेत, आणि ती फार सावकाश बदलतात. निवडुंगांच्या प्रजातींनी गजबजलेल्या बऱ्याच शाखा गेल्या सुमारे एक कोटी वर्षांत फुटल्या, त्यामुळे शेजारच्या प्रजातींत या तुकड्यांचं एक अक्षरही वेगळं नसतं. अहवालात ‘१०० टक्के जुळणी’ येते, पण तीच जुळणी आणखी चार नावांशीही असते. शिवाय हरितलवक सहसा मातेकडूनच येतं, म्हणून संकर असला तर पित्याचा पत्ताच लागत नाही. नमुना कुठल्या वंशाचा, एवढंच हवं असेल तर हे पॅकेज पुरेसं आहे.

काही प्रयोगशाळा ‘जास्त अचूकतेसाठी’ आयटीएस हा केंद्रकातल्या डीएनएचा तुकडाही जोडून देतात. हा तुकडा वेगाने बदलतो हे खरं, पण पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात. लोफोसेरियससारख्या निवडुंगांत त्यातल्या काही निकामी, वेगळ्याच वाटेने बदललेल्या आढळल्या आहेत. सँगर वाचनात (एका वेळी एकच तुकडा वाचण्याची जुनी पद्धत) एका जागी दोन शिखरं दिसली, तर क्लोनिंग करून प्रती वेगवेगळ्या वाचल्याशिवाय त्या निकालावर विसंबू नये.

पैसे घालायचे तर डीडीरॅडवर. दोन एन्झाइमांनी डीएनए कापून ठरावीक लांबीचे तुकडे वाचले जातात आणि जीनोमभर पसरलेले हजारो फरक हाती येतात. इतके लागतात कारण एकेक जनुक वेगळाच वंशवृक्ष सांगतं. सग्वारो हा उत्तर अमेरिकेतला उंच निवडुंग आणि त्याच्या नातलग उंच निवडुंगांच्या जीनोमवर २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही विसंगती ठळकपणे दिसली.

ऑर्डर देताना तीन गोष्टी लेखी मागा: कच्च्या फास्टक्यू फाइली (यंत्राने वाचलेली मूळ अक्षरं), विश्लेषणाची सगळी मापं आणि निदान एका नमुन्याची दुबार चाचणी. आयपायरॅड या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून ठरलेला ०.८५ चा क्लस्टरिंग उंबरठा (किती साम्य असलं की तुकडे एकाच जागेचे मानायचे) कुणी तपासून पाहत नाही. तो सैल असला की जीनोममधल्या जुळ्या प्रती एकच जागा समजून एकत्र होतात आणि खोटे फरक तयार होतात. ओपन्शिया या चपट्या खोडाच्या निवडुंगांत तर गुणसूत्रांच्या चार, सहा, आठ संचांची झाडंही सर्रास असतात. द्विगुणित (दोनच संच) गृहीत धरून काढलेले जीनोटाइप तिथे चुकतात, म्हणून प्लॉइडी, म्हणजे संचांची संख्या, आधी फ्लो सायटोमेट्रीने (पेशीतल्या डीएनएचं प्रमाण मोजून) ठरवून घ्यावी.

एका प्रजातीचं एकच झाड पाठवणं ही सगळ्यात महाग चूक. प्रत्येक वस्तीतून ५ ते १० झाडं घ्या आणि दोन टोकांच्या मधल्या वस्त्या सोडू नका. अंतरामुळे हळूहळू पडलेला फरक मधले नमुने नसले की तुटक दिसतो, आणि नमुन्यांची प्रजातींत विभागणी करणारी सॉफ्टवेअर एकाच प्रजातीच्या वस्त्यांना स्वतंत्र प्रजाती ठरवतात.

हर्बेरियममधला (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातला) जुना नमुना असेल तर टार्गेट कॅप्चर घ्या. डीएनए आधीच तुटलेला असल्याने डीडीरॅडचे तुकडे नीट मिळत नाहीत, प्रोब (हव्या त्या जनुकाला चिकटणारे कृत्रिम तुकडे) मात्र लहान तुकडेही पकडतात. सर्व सपुष्प वनस्पतींसाठी ३५३ जनुकांचा तयार प्रोब-संच मिळतो.

तरी बहुतेक चाचण्या फसतात त्या सिक्वेन्सिंगच्या आधीच, म्युसिलेजमुळे, म्हणजे निवडुंगातल्या बुळबुळीत चिकामुळे. पाणी साठवणारा आतला गर काढून टाका आणि हिरव्या थराचे १ ते २ मिमी जाडीचे काप घ्या. जाड तुकडा आतून सुकण्याआधी कुजतो. ऊतीच्या किमान दहापट वजनाचं सिलिका जेल वापरा आणि रंग बदलला की लगेच नवं घाला. पाकळ्या मिळाल्या तर त्याच पाठवा, त्यांत बुळबुळीतपणा बराच कमी असतो.

प्रयोगशाळेला सीटॅबआधी (त्या रसायनाने डीएनए वेगळा काढण्याआधी) सॉर्बिटॉलची धुलाई करायला सांगा: ०.३५ मोलर सॉर्बिटॉल, १०० मिलिमोलर ट्रिस (पीएच ८), ५ मिलिमोलर ईडीटीए, १ टक्का पीव्हीपी आणि ऐन वेळी घातलेलं १ टक्का मर्कॅप्टोइथेनॉल. वरचा द्रव तार सोडेनासा होईपर्यंत ती पुन्हा पुन्हा करावी. ही पायरी टाळून थेट कॉलम-किट वापरलं तर गाळणी तुंबते, आणि जे हाती येतं त्यातल्या शर्करा एन्झाइमांना अडवतात. नॅनोड्रॉप या यंत्रावरचा भरघोस आकडा पाहून खूश होऊ नका, त्यात अशुद्धीही मोजल्या जातात; फक्त डीएनए मोजणाऱ्या क्यूबिटवरचं प्रमाण मागा. २६०/२३० गुणोत्तर (त्या दोन तरंगलांबींच्या प्रकाशाच्या शोषणावरून शर्करांसारख्या अशुद्धी दाखवणारं) १ च्याही खाली असेल तर डीडीरॅड सुरू करू देऊ नका, डीएनए पुन्हा शुद्ध करायला सांगा.

प्रयोगशाळा परदेशात असेल तर सायटीसची (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराची) कागदपत्रं आधी. जवळजवळ सगळे निवडुंग त्याच्या परिशिष्ट २ मध्ये आहेत, काही जास्त कडक अशा १ मध्ये. वाळवलेल्या कापांनाही परवाना लागू शकतो, आणि तो नसेल तर पार्सल सीमेवरच अडकतं.