नॅनोपोअर की इल्युमिना: आधी तुमचा प्रश्न काय ते बघा

नॅनोपोअर आणि इल्युमिना ही डीएनए वाचण्याची दोन तंत्रं. समजा, तुमच्याकडे क्लेबसिएला या जिवाणूचा एक आयसोलेट, म्हणजे नमुन्यातून वेगळा करून वाढवलेला जिवाणू, आहे. औषधांना दाद न देणारं जनुक त्यात सापडलंय, पण ते प्लास्मिडवर (डीएनएचं छोटं, वेगळं वर्तुळ) बसलंय की क्रोमोसोमवर (जिवाणूचा मुख्य डीएनए), हे ठरवायचंय. प्लास्मिडवर असेल तर ते शेजारच्या जिवाणूकडे सहज जाऊ शकतं, त्यामुळे वॉर्डातल्या डॉक्टरांना हे उत्तर हवंच असतं.

इथे इल्युमिना अडतं. त्याचं एक रीड, म्हणजे एका दमात वाचलेला डीएनएचा तुकडा, बहुधा १५० अक्षरांचं (ए, सी, जी, टी ही डीएनएची अक्षरं), दोन्ही टोकांकडून वाचलं तरी ३००. अशा जनुकांभोवती आयएस२६ सारखे, सुमारे ८२० अक्षरांचे उड्या मारणारे तुकडे पुन्हापुन्हा येतात. सगळे एकसारखे, मग कशाला काय जोडायचं हे सॉफ्टवेअरला कळत नाही आणि जीनोम तुकड्यातुकड्यांत हाती येतो. नॅनोपोअरचं दहा-वीस हजार अक्षरांचं एक रीड हे सगळं ओलांडून जातं, प्लास्मिडचं वर्तुळ पुरं होतं. अशा कामाला मी नॅनोपोअरच सांगते.

आता नॅनोपोअरच्या अचूकतेचं. प्रथिनाच्या छिद्रातून डीएनएचा एकेरी धागा सरकतो आणि विद्युतप्रवाहाच्या चढउतारावरून अक्षरं ओळखायची, ही कल्पना अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड डीमर यांनी १९८९ मध्ये वहीत उतरवली. १९९६ मध्ये अल्फा-हिमोलायसिन या प्रथिनाच्या छिद्रातून धागा जातो हे दिसलं, पण मिनआयन हे नॅनोपोअरचं हातात मावणारं यंत्र संशोधकांच्या हाती पडायला २०१४ उजाडलं. मोठी अडचण वेगाची होती: मोकळा सोडलेला धागा इतक्या झपाट्याने निघून जातो की एकेका अक्षराचा प्रवाह मोजताच येत नाही. आता एक मोटर-प्रथिन त्याला सेकंदाला साधारण ४०० अक्षरांवर आवरतं. तरी छिद्राच्या अरुंद भागात एका वेळी अनेक अक्षरं असतात, आणि ए-ए-ए-ए अशी लांब रांग आली की प्रवाह हलतच नाही. आठ होते की नऊ, इथे घोळ होतो. आर१० या नव्या पिढीच्या छिद्रांनी तो बराच कमी केलाय, संपवलेला नाही. एका अक्षराच्या बदलावर निदान ठरणार असेल किंवा शेकडो नमुने असतील, तर इल्युमिना घ्या.

घाई असेल तर मात्र तोल पुन्हा फिरतो. २०१५ मध्ये गिनीत इबोलाचे नमुने सामानातून नेलेल्या मिनआयनवर वाचले गेले, काहींचा निकाल २४ तासांच्या आत आला. मिथायलेशन, म्हणजे डीएनएच्या अक्षरांवरच्या रासायनिक खुणा, हेही त्याच रनमध्ये कळतं, वेगळी रासायनिक प्रक्रिया लागत नाही.

नॅनोपोअर ठरलंच, तर पहिला खर्च डीएनए काढण्यावर करा. रुंद तोंडाच्या टिप्स वापरा, ट्यूब व्होर्टेक्सवर (जोरात घुसळणाऱ्या यंत्रावर) धरू नका, हलक्या हाताने उलटीपालटी करा. धागा आधीच तुटला असेल तर हे यंत्रही तुकडेच वाचणार. आणि फ्लो सेल (छिद्रं बसवलेली चिप) भरताना पिपेटमधून हवेचा बुडबुडा आत गेला, तर तो जिथून सरकेल तिथली छिद्रं कायमची जातात. म्हणून नमुना थेंबथेंब सोडा, पुढचा थेंब आधीचा आत ओढला गेल्यावरच.