थिकनेस प्लॅनर, दहा महिन्यांनी: फळीच्या टोकाचा खड्डा टेबलात सापडला

गेल्या दिवाळीच्या तोंडावर मी 12 इंची, दोन पात्यांचा, टेबलावर ठेवायचा थिकनेस प्लॅनर, म्हणजे फळी एकसारख्या जाडीला तासणारं मशीन, घेतला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जे सांगणार आहे ते या आकाराच्या बहुतेक मशीनना लागू आहे.

आमचं घर बडोद्याच्या जुन्या भागात, दांडिया बाजारापासून चालत पाच मिनिटांवर. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हापासून यंत्रं खाली ठेवायची नाहीत असं घरात ठरलंय. म्हणून मशीन पहिल्या मजल्यावर. काम म्हणाल तर पाट, चौरंग, देव्हारे. लाकूड बहुतेक जुन्या घरांच्या तुळयांमधून निघालेलं सागवान. ते महाग पडतं आणि हवं तेवढं मिळत नाही, म्हणून टोकाचा एकेक इंच मला मोलाचा वाटतो.

पहिल्याच दिवशी फळी बाहेर आली ती मधे आरशासारखी गुळगुळीत, पण दोन्ही टोकांना अडीच-अडीच इंच लांबीत जास्त तासलेली. यालाच स्नाइप म्हणतात. डोळ्यांना पटकन दिसत नाही. खिडकीच्या तिरप्या उजेडात फळी धरली की एक आडवी सावली दिसते आणि नख फिरवलं की तिथे अडतं. कॅलिपरने मोजलं तर 0.4 मिलिमीटर. ऐकायला थोडं वाटतं, पण 18 इंचांच्या पाटाला दोन्हीकडून मिळून पाच इंच बिघडले तर उरलं काय? आणि दोन फळ्या जोडायच्या असल्या तर टोकाशी सांध्यात पायरी दिसतेच.

दुकानदार म्हणाला, नवीन आहे, वापरून बसेल. बसलं नाही. मी पाती उलटवून पाहिली, फळी ओढणारे रोलर स्पिरिटने पुसले, फरक शून्य. शेवटी आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीकाकांना बोलावलं. त्यांनी एक फळी सोडली, मशीनचा आवाज ऐकला आणि म्हणाले, "पाटियुं नमे छे, मशीनमां खामी नथी." (फळी झुकते, मशीनमध्ये दोष नाही.) फळीचं शेवटचं टोक बाहेर पडताना आवाज क्षणभर जड होतो, तोवर माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं.

कारण साधं आहे. पात्यांचा दंडगोल दोन रोलरच्या मधे असतो. फळी आत शिरताना तिला फक्त पुढचा रोलर धरतो आणि बाहेर पडताना फक्त मागचा. त्या वेळी फळीचं लांबचं टोक स्वतःच्या वजनाने खाली झुकलं की पात्याखालचं टोक वर उचललं जातं आणि जास्त कापलं जातं. रोलर ते पातं हे अंतर जेवढं, तेवढाच लांब खड्डा.

म्हणजे दोष शोधायचा तो फळी टेकायला मशीनच्या दोन्ही बाजूंना असलेल्या घडीच्या टेबलांत. प्लग काढा, आधी प्लग काढा, आणि मगच हात घाला. मी तीन फुटी सरळ ॲल्युमिनियमची पट्टी मधल्या बेडवर, म्हणजे पात्यांखालच्या सपाट भागावर, ठेवून दोन्ही टेबलांवर नेली. बाहेरच्या कडेला पट्टीखाली एक मिलिमीटरची फट होती, म्हणजे टेबलं खाली झुकलेली. टेबलाखाली टेकूचे बोल्ट असतात, त्यांचे लॉकनट सैल करून बोल्ट थोडे थोडे वर घेतले. मला वाटलं होतं, अगदी समपातळीत आणलं की झालं. पण समपातळीत आणूनही 0.15 उरलं. फळीचं वजन पडलं की टेबल किंचित दबतंच. मग बाहेरची कडा बेडपेक्षा अर्धा मिलिमीटर उंच ठेवली. मापाला दोन व्हिजिटिंग कार्डं एकावर एक ठेवली आणि फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) खात्री केली. उंची बेडलगतच्या कडेला नको, बाहेरच्या कडेलाच हवी. नाहीतर फळी बेडवरूनच उचलली जाईल. नट आवळताना बोल्ट फिरतो, म्हणून दोन पाने लागतात. या सगळ्यात माझा एक अख्खा रविवार गेला. त्यानंतर खड्डा 0.05 वर आला, तो सँडपेपरने जातो.

बाकीच्या युक्त्या यानंतरच्या. पात्यांच्या डोक्याची उंची पक्की करणारा लॉक दर फेरीआधी लावा. शेवटची फेरी 0.3 ते 0.4 मिलिमीटरचीच घ्या. आखूड तुकडे असतील तर एकामागे एक चिकटून सोडा, म्हणजे खड्डा पहिल्याच्या तोंडाला आणि शेवटच्याच्या शेपटीला पडतो. तिथे मी टाकाऊ तुकडे लावतो. फूटभरापेक्षा आखूड तुकडा एकटा कधीच सोडू नका. आणि वाकलेली फळी या मशीनने सरळ होईल ही आशा ठेवू नका. रोलर तिला दाबून सपाट करतात, बाहेर आली की ती पुन्हा वाकते. एक बाजू आधी रंध्याने सरळ करावीच लागते.

पावसाळ्यात एक नवीन अडचण आली. बेडवर तांबूस गंज धरला, फळ्या अडखळायला लागल्या आणि खड्डा परत दिसू लागला. बारीक स्टील वूलने घासलं आणि साध्या मेणबत्तीचं मेण चोळून कापडाने पुसलं. आता दर पंधरवड्याला हेच करतो. कंपनामुळे एक लॉकनटही सैल झाला होता, म्हणून पट्टी पुन्हा लावून पाहतो.

पात्यांचं म्हणाल तर जुन्या सागवानात तुटलेले खिळे असतात. एकदा चुंबक न फिरवता फळी सोडली आणि पात्याला दात पडला, मग प्रत्येक फळीवर एकच उभी रेघ उमटत राहिली. सुदैवाने पाती दुधारी होती, उलटवली. आता चुंबक फिरवल्याशिवाय फळी पुढे जात नाही. आवाज मात्र फार आहे, कानाला मफ्स लावूनच काम करतो आणि शेजाऱ्यांची दुपारची झोप पाळतो.

बंगईची (झोपाळ्याची) सात फुटी फळी मात्र अजून जमत नाही. तेवढ्या वजनापुढे टेबलाची अर्धा मिलिमीटर उंची पुरत नाही. धाकट्या भावाला दुसऱ्या टोकाला उभं करून ते किंचित उचलून धरायला सांगितलं, तरी 0.1 राहिलाच. तिथे मी दोन्हीकडे तीन-तीन इंच जास्तीची फळी ठेवतो आणि शेवटी कापून टाकतो.