राईस स्कोअर आणि बुधवारचं रिफाइनमेंट: नऊ महिने वापरल्यावर

आमचं सॉफ्टवेअर गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर चालतं. काट्यावरून वजन, ॲनालायझरवरून फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दर तक्त्यातून दर, आणि उत्पादकाच्या हातात पावती. सकाळ-संध्याकाळ हेच. दर दहा दिवसांनी बिल, त्यातून पशुखाद्य आणि ॲडव्हान्स कापून उरलेली रक्कम खात्यात. या प्रॉडक्टची मी मॅनेजर. टीम पुण्यात बसते: सहा डेव्हलपर, दोन टेस्टर, एक डिझायनर. वापरणारी मंडळी कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडची. कोणतं काम आधी घ्यायचं हे ठरवायला राईस आणि घेतलेलं काम नीट उलगडायला दर बुधवारी सव्वा तासाचं रिफाइनमेंट, अशी जोडी गेले नऊ महिने वापरते आहे.

त्याआधी वर्षभर आम्ही मॉस्को पद्धत वापरत होतो. डाय क्लेग यांनी १९९४ मध्ये ओरॅकलमध्ये असताना मांडलेली ही पद्धत साधी आहे: प्रत्येक कामावर मस्ट, शुड, कुड किंवा वोन्ट असा शिक्का मारायचा. ठरलेली तारीख आणि ठरलेली टीम असेल तर ती उत्तम चालते. आमच्याकडे विक्री, सपोर्ट, अंमलबजावणी आणि खुद्द गावच्या दूध संस्थांचे सचिव अशा चार बाजूंनी मागण्या येतात. तीन महिन्यांत बॅकलॉगमधली, म्हणजे करायच्या कामांच्या यादीतली, निम्म्याहून जास्त कामं ‘मस्ट’ झाली आणि सोमवारच्या बैठकीत ज्याचा फोन शेवटी आला त्याचं काम वर जाऊ लागलं. टीम दमली होती, आणि आपण हे का करतोय या प्रश्नाला माझ्याकडे पटेल असं उत्तर नव्हतं. म्हणून राईस.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंटरकॉम कंपनीतल्या शॉन मॅकब्राइड यांनी मांडलेली ही पद्धत चार आकड्यांवर चालते. रीच म्हणजे ठरावीक काळात किती जणांना उपयोग होईल, आम्ही तिमाहीत किती संस्था असं मोजतो. इम्पॅक्ट म्हणजे एकाला किती फरक पडेल, त्याची पट्टी ३, २, १, ०.५, ०.२५ अशी. कॉन्फिडन्स म्हणजे आपल्याच या अंदाजांवर आपला किती विश्वास आहे: १००, ८० किंवा ५० टक्के. एफर्ट म्हणजे सगळ्यांचे मिळून किती माणूस-महिने लागतील. पहिल्या तिघांचा गुणाकार करायचा आणि त्याला एफर्टने भागायचं. साध्या एक्सेलमध्ये होतं, पैसे लागत नाहीत, पहिली शीट मी एका दुपारी बनवली.

आणि पहिल्याच महिन्यात तिने आम्हाला चुकीच्या दिशेला नेलं.

दोन कामं शेजारी होती. एक, सुपरवायझरच्या ॲपला गडद रंगाची थीम. रीच ३०० संस्था, इम्पॅक्ट ०.२५, कॉन्फिडन्स १०० टक्के, एफर्ट अर्धा महिना. स्कोअर १५०. दुसरं, बिलाच्या मुदतीत मध्येच दर बदलला तर आधीच्या नोंदींचा फरक काढून देणं. रीच ४०, इम्पॅक्ट ३, कॉन्फिडन्स ८० टक्के, एफर्ट दोन महिने. स्कोअर ४८. शीट सांगत होती की थीम तिप्पट महत्त्वाची. सपोर्टच्या ताईंनी ते पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, “मॅडम, दराच्या फरकापायी सचिव रात्री अकरापर्यंत वही घेऊन बसतात.” तरीही आम्ही आकड्याचं ऐकलं आणि थीम घेतली. तिला अर्ध्याऐवजी एक महिना लागला, कारण पावतीची प्रत दाखवणाऱ्या जुन्या स्क्रीनना कुणी हात लावला नव्हता आणि त्या सगळ्या पुन्हा कराव्या लागल्या. थीम आल्यावर कौतुकाचा किंवा तक्रारीचा एकही फोन आला नाही.

सूत्रात काही चूक नव्हती. आम्ही त्यात घातलेले आकडे बसल्या जागी काढलेले होते. ते काम कुणी उलगडून पाहिलंच नव्हतं, तर एफर्ट अर्धा महिना हे आलं कुठून? रीच ४० हे सपोर्टला आलेल्या फोनवरून घेतलेलं, म्हणजे ज्यांनी फोन केला तेवढेच मोजले. तेव्हापासून आम्ही क्रम बदलला आणि माझ्या मते या सगळ्या अनुभवातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे. आता स्कोअर दोनदा काढतो. पहिला कच्चा, दहा मिनिटांत, फक्त येत्या बुधवारी कोणती दोन-तीन कामं उलगडायची हे ठरवण्यासाठी. रिफाइनमेंट झालं की त्याच कामाचा दुसरा, पक्का स्कोअर. स्प्रिंटमध्ये, म्हणजे पुढच्या दोन आठवड्यांच्या कामात, काय जाणार हे फक्त पक्क्या स्कोअरवरून ठरतं.

रिफाइनमेंट म्हणजे आम्ही काय करतो ते सविस्तर सांगते, कारण या शब्दाखाली बऱ्याच ठिकाणी नुसती टिकिटं (कामांच्या नोंदी) वाचून दाखवण्याची बैठक चालते. स्क्रम या कामाच्या पद्धतीची अधिकृत पुस्तिका म्हणजे स्क्रम गाइड, तिच्यातही २०१३ पर्यंत याला ग्रूमिंग म्हणत, मग रिफाइनमेंट हा शब्द आला. टीमच्या क्षमतेच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त वेळ सहसा यात जाऊ नये असंही त्यात लिहिलेलं असे, ते २०२० च्या आवृत्तीतून काढलं. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये आमचे अडीच तास जातात, म्हणजे त्या मर्यादेच्या बरेच आत.

आम्ही मॅट विन यांची एक्झाम्पल मॅपिंगची रीत घेतली. चार रंगांची कार्डं. पिवळ्यावर काम, निळ्यावर नियम, हिरव्यावर त्या नियमाचं खरंखुरं उदाहरण, लालवर ज्याचं उत्तर खोलीत कुणाकडे नाही असा प्रश्न. एका कामाला साधारण पंचवीस मिनिटं. लाल कार्डांचा ढीग झाला तर काम अजून तयार नाही, निळी फार झाली तर काम मोठं आहे आणि तोडायला हवं.

दराच्या फरकाचं काम आम्ही असं उलगडायला बसलो तेव्हा पहिल्या पाच मिनिटांतच थांबावं लागलं. सपोर्टच्या ताई ‘फरक’ म्हणत होत्या तो मुदतीतल्या दर बदलाचा. आमचा कोल्हापूरचा डेव्हलपर ‘फरक’ ऐकून दिवाळीआधी मिळणाऱ्या वर्षाच्या दर फरकाचा हिशेब मनात मांडत होता, कारण त्याच्या घरी फरक म्हणजे तोच. शब्द एक, कामं दोन, आणि टिकीट एकच. हे तसंच कोडिंगला गेलं असतं तर काय झालं असतं याची मला अजून धडकी भरते. त्या दिवसापासून आमच्याकडे ‘मुदतीतला फरक’ आणि ‘वार्षिक फरक’ असे दोन वेगळे शब्द आहेत, स्क्रीनवरही आणि बोलण्यातही.

मग हिरवी कार्डं. पहिलं: नवा दर ५ तारखेच्या संध्याकाळपासून लागू, पण दूध संघाचं (संस्थांकडून दूध घेणाऱ्या संघाचं) पत्र संस्थेत पोचलं ८ तारखेला सकाळचं संकलन झाल्यावर. म्हणजे सहा वेळचं दूध जुन्या दराने लिहिलं गेलं. उत्पादकाचं दर वेळी आठ लिटर गायीचं दूध, ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ, दरवाढ लिटरला एक रुपया. फरक ४८ रुपये. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. दुसरं कार्ड: तेच पत्र १२ तारखेला आलं, पण १ ते १० चं बिल बंद होऊन पैसे बँकेत गेले. आता? लाल कार्ड. तिसरं: दर वाढला नाही, कमी झाला. उत्पादकाकडून पैसे परत घ्यायचे का? लाल कार्ड. चौथं: जुन्या दराची छापील पावती त्याच्या खिशात आहे, नवी द्यायची की बिलावर वेगळी ओळ दाखवायची? आणखी एक लाल.

ही तीन लाल कार्डं घेऊन मी सांगली भागातल्या तीन संस्थांमध्ये जाऊन बसले. एका सचिव काकांनी वही उघडून दाखवली. प्रत्येक उत्पादकाच्या नावापुढे पेन्सिलीने फरक लिहिलेला, दोनदा बेरीज केलेली. कमी झालेला दर मागे जाऊन आम्ही कापत नाही, पुढच्या वेळेपासून लावतो, असं तिघांनीही सांगितलं. बंद बिलाचा फरक पुढच्या बिलात वेगळ्या ओळीत. जुनी पावती कुणी परत मागत नाही. परतल्यावर आम्ही स्वतःच्या डेटात पाहिलं तर त्या तिमाहीत १८० संस्थांनी मुदतीच्या मध्ये दर तक्ता बदललेला होता. फोन चाळीस जणांनीच केले होते, बाकीचे वहीवर काढत होते.

काम दोन भागांत तोडलं. पहिला भाग फक्त उघड्या बिलातली दरवाढ, एफर्ट एक महिना. पक्का स्कोअर: १८० गुणिले ३ गुणिले ०.८ भागिले १, म्हणजे ४३२. कच्च्या ४८ वरून. थीमचाही पक्का स्कोअर मी मागाहून काढून पाहिला. एफर्ट एक महिना आणि ती कुणी मागितलीच नव्हती म्हणून कॉन्फिडन्स ५० टक्के, तर ३७.५. पहिला भाग पाच आठवड्यांत गेला आणि पुढच्या दर बदलाला त्या सचिव काकांनी स्वतःहून फोन करून सांगितलं की दिवेलागणीला घरी पोचलो. असा फोन मला या नोकरीत पहिल्यांदा आला.

कॉन्फिडन्सचा रकाना मी आधी दुर्लक्षित केला होता, बहुतेक ठिकाणी ८० टाकत होते. आता आमचा नियम ठरलाय. डेटा पाहिला आहे आणि केंद्रावर जाऊन डोळ्यांनीही पाहिलं आहे, तर १००. दोनपैकी एकच, तर ८०. फक्त कुणीतरी मागितलं, तर ५०, मग मागणारा कितीही मोठा ग्राहक असो. या एका नियमाने विक्रीच्या लोकांशी होणारं बोलणं बदललं. “हे का नाही घेत?” याऐवजी “हे शंभरावर न्यायला काय लागेल?” असं ते विचारू लागले, आणि दोनदा स्वतःहून ग्राहकाकडून माहिती घेऊन आले. रीचच्या आकड्यापुढेही तो कुठून आला हे लिहायची सक्ती केली, नाहीतर प्रत्येकाचा रीच हळूहळू ‘सगळ्या संस्था’ होत जातो.

जिथे राईस कमी पडतो त्या जागा आता ओळखीच्या झाल्या आहेत. हंगाम त्याला कळत नाही. वार्षिक फरकाचा रीच तीन तिमाही शून्य आणि मग एकाच महिन्यात सगळ्या संस्था. पुष्टकाळात, म्हणजे दूध जास्त येतं तेव्हा, संध्याकाळच्या रांगेत पावती दोन सेकंद उशिरा निघाली तरी रांग रस्त्यापर्यंत जाते, कृशकाळात, दूध कमी असताना, तेच कुणाच्या लक्षात येत नाही. उशीर झाला तर किती नुकसान, हा प्रॉडक्ट डेव्हलपमेंटवर लिहिणाऱ्या डोनाल्ड रायनर्टसन यांनी आग्रहाने मांडलेला विचार मला इथे उपयोगी पडला. त्यांची पूर्ण पद्धत आम्ही घेतली नाही, फक्त ‘कधीच्या आत’ असा एक रकाना वाढवला. त्यात तारीख असेल तर ते काम स्कोअरच्या रांगेत उभं राहत नाही.

डेटाबेस अद्ययावत करणं, जुना कोड साफ करणं ही कामंही राईसमध्ये कायम तळाला जातात. त्यांना मी सूत्रातून बाहेरच काढलं. प्रत्येक स्प्रिंटचा साधारण पाचवा हिस्सा डेव्हलपरांचा, तो कसा वापरायचा हे तेच ठरवतात. आणि स्कोअरची बारीक तुलना करणं सोडलं: ४८ आणि ५२ यांत काहीच फरक नाही, दोन्ही अंदाजच. आता वरचा, मधला, खालचा असे तीनच गट करतो आणि गटाच्या आत टीमशी बोलून ठरवतो.

चौथ्या महिन्यात वर्षभर कुणी न उघडलेली सगळी टिकिटं बंद केली. मला भीती होती की ओरड होईल. तीन परत आली, बाकीच्यांची आठवणही कुणी काढली नाही. रिफाइनमेंटसाठी समोर शंभराच्या आत कामं असली की डोकं ताळ्यावर राहतं.

कुणी वापरावं? ज्यांच्याकडे चालतं प्रॉडक्ट आहे, वापराचा डेटा आहे आणि मागण्या अनेक दिशांनी येतात, त्यांनी नक्की. अगदी नवं प्रॉडक्ट असेल, ग्राहक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील, तर रीचचा आकडा फसवेल. तिथे सरळ त्या दहा जणांकडे जाऊन बसा. टीममध्ये दोघे-तिघेच असतील तरी कार्डं मात्र करून पाहा, शीट नसली तरी चालेल.

आमच्यापुढे आता वार्षिक फरक आहे. ‘कधीच्या आत’ मध्ये दिवाळीची तारीख, निळी कार्डं सात, लाल दोन. एक लाल कार्ड असं: वर्षभर दूध घातलेला उत्पादक मधेच वारला आणि खातं मुलाच्या नावावर झालं, तर त्याचा फरक एकत्र दाखवायचा की दोन नावांनी? येत्या बुधवारच्या आत त्याचं उत्तर हवंय. उद्या सकाळच्या संकलनाला त्याच सचिव काकांकडे जाते आहे.