लोलाची खाणावळ, लॉस बान्योस: निघण्याआधी तिच्या भिंतीवरचं कॅलेंडर माहीत असू द्या

नवऱ्याच्या नोकरीपायी फिलिपिन्सला लॉस बान्योसमध्ये येऊन आम्हाला दोन वर्षं होतील. इथे आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था आहे, १९६० सालापासूनची. त्यामुळे भारतातून कुणी ना कुणी येत असतं, आणि त्यातला मराठी माणूस आठवड्याच्या आत मला विचारतो, "वहिनी, बाहेर जेवायला कुठे जायचं?" दर वेळी तोंडी सांगून दमले. म्हणून एकदाच लिहून टाकते.

लोलाकडे जा. जीपनीत, म्हणजे इथल्या शेअर जीपमध्ये, बसा, पैसे पुढच्या माणसाच्या हातात द्या, तो त्याच्या पुढच्याला देईल, सुटे त्याच वाटेने परत येतील. चर्चच्या अलीकडे "पारा पो" म्हणून उतरा. निळी ताडपत्री, काचेचं कपाट, त्यात सात-आठ झाकलेली पातेली, बाहेर चार बाकडी आणि एक म्हातारा कुत्रा. पाटी नाही. अशा खाणावळीला इथे कारिंदेरिया म्हणतात आणि तिथल्या रीतीला तुरो-तुरो, म्हणजे बोट दाखवा आणि घ्या. झाकण उचलून बघायची मुभा असते. भाषा न येणाऱ्या माणसाला याच्यासारखी सोय नाही. लोला म्हणजे आजी. पंचाहत्तरी गाठलेली, चार फूट दहा इंच, पदराला टॉवेल खोचावा तसा खांद्यावर टॉवेल. गल्लीतलं पोर आलं की तिचा हात हातात घेऊन आपल्या कपाळाला लावतं. याला "मानो" म्हणतात. आपला वाकून नमस्कार वर सरकलाय इतकंच.

पहिल्या दिवशी मला पाहून ती म्हणाली, "बुंबाय?" मी खुशीत मान डोलावली. वसईची आहे मी, मुंबईच्या शेजारची, तेव्हा बुंबाय म्हणजे बॉम्बेच असणार. तर तिने लगेच मला सांगून टाकलं की तिला कर्ज नको आहे. नंतर उलगडा झाला. इथे मोटरसायकलवरून फिरणारे, पाच देऊन सहा घेणारे, हप्त्यावर पंखे आणि छत्र्या विकणारे सावकार बहुतेक पंजाबी नाहीतर सिंधी, आणि इथल्या लोकांच्या तोंडी ते सगळे "बुंबाय". खऱ्याखुऱ्या बुंबायकडची बाई तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिली ती मीच.

आता जेवण. शुक्रवारचे मूग चुकवू नका. शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून घरोघरी आणि खाणावळींतही मूग शिजतात, ही जुनी रीत. लसूण, कांदा, टोमॅटोवर परतलेले अख्खे मूग, त्यात शेवग्याचा पाला, आणि लोलाकडे वरून धुरावलेल्या मासळीचा चुरा. आपल्या आमटीची चुलत बहीणच, फक्त हळद विसरून आलेली. गंमत अशी की पुष्कळ ठिकाणी याच उपासाच्या मुगांवर डुकराच्या कातडीचे तळलेले कुरकुरीत तुकडे भुरभुरतात. लोलाकडे मागितलंत तर एरवी ती देईल, कपाळाला आठी घालून. ईस्टरआधीच्या उपवासकाळात मात्र मागू नका. मी एकदा दुसऱ्या गिऱ्हाइकाला बोलणी खाताना ऐकलंय.

दुसरी चीज अळू. लोलाचा नवरा बिकोल भागातला होता, त्याच्या आईकडून ती शिकली. वाळवलेली अळूची पानं नारळाच्या दुधात, मिरच्या भरपूर, आणि पानं शिजेपर्यंत डाव घालायचा नाही. ढवळलं की घसा खाजतो म्हणे. मी सांगितलं, आम्ही चिंच घालतो. ती म्हणाली, "चिंच घालता म्हणजे तुम्ही ढवळता." यावर मला आजतागायत उत्तर सुचलेलं नाही.

शाकाहारी मंडळींनी नीट ऐका. "वालांग कार्ने", म्हणजे मांस नको, एवढ्यावर भागत नाही. भोपळा, भेंडी, कारलं, वांगं असलेली ती सुंदर मिसळभाजी असते ना, पिनाकबेत, तिच्यात कोळंबीचा खारवलेला लगदा असतो आणि त्याला इथे कुणी मांस समजत नाही. "वालांग बागोओंग, वालांग पातिस", म्हणजे तो लगदा नको, माशाचा खारा सॉसही नको, असं वेगळं म्हणा. एवढं म्हटल्यावर लोलाच्या पातेल्यांत उरतो भात आणि अंडं. कट्टर शाकाहारी असाल तर चहापुरतेच या. आणि चहाही नसतो, कॉफी असते, पुडीतली.

आम्हा वसईच्या ख्रिस्ती माणसांना मात्र इथे माहेर सापडतं. तळलेला खारा मासा, व्हिनेगर, लसणीचा परतलेला भात हा सकाळचा नाश्ता. सुक्या मासळीच्या वासाने शेजारी नाक मुरडत नाहीत, ताट घेऊन येतात.

भाताबद्दल एक सूचना. संस्थेत काम करत असाल तर लोलाला सांगू नका. नवऱ्याने सांगितलं. तिने विचारलं, "आयआर-८ तुमचाच ना?" १९६६ साली संस्था दारात आलेल्या शेतकऱ्याला आयआर-८ या आपल्या नव्या भाताचं दोन किलो बियाणं देत होती. तिचा बाप ते घेऊन आला होता. पोती भरली हे ती मान्य करते. पण दुपारचा भात संध्याकाळी दगड व्हायचा, आणि धाकट्या भावंडांना तो गरम पाण्यात भिजवून भरवायचं काम सोळा वर्षांच्या मुलीकडे होतं. साठ वर्षांपूर्वीचं ते गाऱ्हाणं तिने माझ्या नवऱ्यापुढे मांडलं. तो बिचारा आयआर-८ नंतर जन्मलेला. निमूट जेवला. जाताना तिने त्याच्या पानात पातेल्याच्या बुडाची खरवड वाढली. इथे तिला तुतोंग म्हणतात आणि लोला ती सहसा स्वतःसाठी राखते. म्हणजे माफी झाली असं आम्ही धरून चाललो.

मुख्य अडचण वेळेची. नकाशावर शोधलंत तर "सकाळी सहा ते रात्री आठ" दिसेल. ते खरं मानून पाहुणे घेऊन गेलात तर फजिती होते, माझी तीनदा झाली. खरी वेळ आहे कपाटामागच्या कॅलेंडरवर, लाल पेनाने केलेल्या गोलांत. आपण कालनिर्णय बघतो तसं ते मी आता बघते.

बुधवारी दुपारी तीनला शटर खाली, नोव्हेना, म्हणजे मरियामाउलीची चर्चमधली प्रार्थना. महिन्याच्या पहिल्या बुधवारी अख्खा दिवस बंद, कारण ती आणि तिच्या मैत्रिणी बसने मनिलाला बाक्लारानच्या माउलीकडे जातात. हे कळलं तेव्हा मी उडालेच. लग्नाआधी मी दर बुधवारी विरार लोकलने माहीमला जायचे, त्याच माउलीच्या नोव्हेनाला. मग शोधून पाहिलं, माहीम आणि बाक्लारान, दोन्हीकडचा बुधवारचा नोव्हेना १९४८ सालीच सुरू झालेला. लोलाला सांगितलं तर तिला आश्चर्य वाटलं नाही. "माउली एकच, गर्दी दोन ठिकाणी," म्हणाली आणि कांदा चिरायला लागली.

रविवारी बंद. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात गुरुवारपासून बंद, तेव्हा गल्लीत येशूच्या दुःखसहनाची कथा आळीपाळीने गात असतात, तासन् तास, आणि म्हाताऱ्या बायकांना चष्मा लागत नाही, पाठच असतं. एक नोव्हेंबरला बंद, सगळे कबरस्तानात, जेवणाचे डबे घेऊन. उलट १६ ते २४ डिसेंबर ती पहाटे पाचला उघडी असते. नऊ दिवस चर्चमध्ये पहाटेच्या मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, नऊही पुऱ्या केल्या तर मनातली इच्छा पुरी होते अशी श्रद्धा. मिस्सेवरून आलेल्यांना ती आल्याचा गरम काढा आणि बिबिंका देते. नावावरून गोव्याचा बेबिंका आठवेल, पण हा तांदळाच्या पिठाचा, केळीच्या पानावर, वर-खाली निखारे ठेवून भाजलेला, वरून खारवलेल्या अंड्याच्या चकत्या आणि किसलेला नारळ. माझी आजी केक असाच भाजायची, झाकणावर निखारे ठेवून. वर्षातून नऊ दिवस मिळतो. पहाटेची झोप मोडण्याजोगा आहे.

सकाळी आठ-साडेआठला गेलात तर वाढायला वेळ लागेल. मुलगी कॅनडात नर्स आहे, तिची तेव्हा संध्याकाळ असते. फोन व्हिनेगरच्या बाटलीला टेकवलेला, त्यातून नातू फुटबॉलचा बूट दाखवतो, आणि लोला डाव हातात धरून सगळ्या गिऱ्हाइकांना तो बूट बघायला लावते. वर्षातून दोनदा मुलीकडून समुद्रमार्गे भलंमोठं खोकं येतं. साबण, टॉवेल, डबाबंद मांस, चॉकलेटं. खोकं आलं की त्या दिवशी बिलाबरोबर प्रत्येकाला एक चॉकलेट.

कपाटावर लाल झग्यातला बाळ येशू आहे, आणि शेजारी संत लोरेन्झो रुइझ, फिलिपिनो लोकांचा पहिला संत. १९८१ साली पोप मनिलाला आले आणि त्याला धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं तेव्हा लोला त्या गर्दीत उभी होती, पोटात ही कॅनडावाली. मी तिला आमच्या संत गोन्सालो गार्सियाबद्दल सांगितलं. वसईत जन्मलेला, मनिलात येऊन फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाला, १५९७ साली नागासाकीला क्रुसावर गेला. रुइझही नागासाकीलाच हुतात्मा झाला, चाळीस वर्षांनी. लोलाने विचार केला. "आमचा बायको-मुलांचा धनी होता. तुमचा ब्रह्मचारी, त्याला मासळीचे भाव काय कळणार?" मी म्हटलं, ब्रदर होण्याआधी तो व्यापार करायचा. मग तिने ऐकून घेतलं. सुट्टीत गासच्या चर्चमधून त्याचं चित्र आणून दिलं, ते आता रुइझच्या बाजूला आहे, तेलाचे शिंतोडे सारखेच दोघांवर.

तक्रारी आहेतच. पदार्थ सकाळी एकदा शिजतात, दुपारी एकला कोमट आणि तीनला गार. सगळ्यात अजिनोमोटो. स्पॅगेटीत साखर, हा तर देशभरचा आजार. संडास पाहू नका. मे महिन्यात एकदा नारळाच्या दुधातली भोपळ्याची भाजी उतरलेली होती. मी परत दिली, तर लोलाने आधी चाखली, मग माझ्याकडे रोखून पाहिलं, मग पातेलं उचलून मागच्या गटारात ओतलं, आणि तासभर माझ्याशी बोलली नाही. पैसे मात्र घेतले नाहीत.

तिच्या मैत्रिणी हा या जागेचा निम्मा माल. चौघी होत्या, आता तिघी. पहाटे चौकात झुंबा करतात, ऑक्टोबरात मरियमेची मूर्ती घरोघर नेऊन जपमाळ म्हणतात, आणि यांची भिशी लोलाकडे असते. इथे तिला पालुवागान म्हणतात, आठवड्याला पाचशे पेसो, बिस्किटांच्या डब्यात. त्यातली एक, सगळ्यात मोठ्याने हसणारी, दर जेवणाला पर्समधून ज्येष्ठ नागरिक कार्ड काढून कपाटावर आपटायची. कायद्याने साठीपुढच्यांना वीस टक्के सूट. लोला म्हणायची, "मी स्वतः म्हातारी आहे, मला कोण सूट देतं?" आणि पूर्ण पैसे लावायची. रोज. दोघींचा तो ठरलेला तमाशा होता.

गेल्या ऑगस्टात एका शुक्रवारी पाहुण्यांना मूग दाखवायला नेलं, तर शटर खाली. कॅलेंडरवर काही नव्हतं. मी पाहुण्यांसमोर बडबडले. शेजारच्या दुकानदाराने सांगितलं, ती हसणारी गेली.

रात्री तिच्या घरी एकटी गेले. शवपेटी घरातच, रस्त्यावर ताडपत्री आणि खुर्च्या, पुरुष पैशांवर पत्ते खेळत होते, त्यातला हिस्सा घरच्यांना. बिस्किटं, कलिंगडाच्या बिया, कॉफी. दहाच्या सुमाराला निघाले तर एका बाईने हात धरला. इथून थेट घरी जायचं नसतं. मेलेल्याचा आत्मा मागे येतो म्हणून आधी कुठेतरी थांबायचं, त्याला झटकायचं. याला पागपाग म्हणतात. जायचं कुठे, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. आम्ही दहा-बारा जणी पावसातून लोलाच्या शटरपाशी. ती पुढेच होती. शटर अर्धंच वर केलं, वाकून आत शिरलो. तिने गॅस पेटवला, सकाळच्या भातात पाणी घातलं, आलं ठेचलं. पेज केली, वर तळलेली लसूण आणि कालामांसी लिंबू. नळीचा दिवा लुकलुकत होता. कुणी बोलत नव्हतं, फक्त चमचे.

बिल तिने लावलंच. धंदा तो धंदा. पण कागदावर प्रत्येकीच्या रकमेतून वीस टक्के काढलेले. आमच्यातल्या निम्म्या अजून साठीच्या झालेल्याही नव्हत्या.

त्यानंतर नऊ दिवस रात्रीच्या प्रार्थनांमुळे संध्याकाळी पाचलाच बंद होत होतं.

खर्च: भात पंधरा पेसो, मूग पन्नास, मांसाहारी पदार्थ सत्तर-ऐंशी, रस्सा फुकट. पेसोचे साधारण दीड रुपया धरा. पाचपैकी चार तारे, एक त्या स्पॅगेटीचा कापला. सुटे पैसे न्या. हजाराची नोट दिलीत तर ती थेट भिशीच्या डब्यात जाते आणि उरलेले पुढच्या खेपेला मिळतात. मिळतात नक्की, पण पुढच्याच खेपेला.