ओरिजिनल विंडोज, लॅमिनेट केलेला कागद आणि साताऱ्यातला एक रिपेअरवाला

माझं डीटीपीचं दुकान आहे, पोवई नाक्यापासून चालत दहा मिनिटांवर. लग्नपत्रिका, वास्तुशांतीच्या पत्रिका, बिलबुकं, अधूनमधून एखादा वाढदिवसाचा फ्लेक्स. कॉम्प्युटर ही माझी शिलाई मशीन आहे असं समजा. ती बंद पडली की चूल बंद. त्यामुळे ती नीट करून देणाऱ्या रिपेअरवाल्याचा हा अभिप्राय जरा लांब होणार.

माझा जुना सीपीयू तिसऱ्या पिढीच्या आयथ्रीचा होता. त्यावर विंडोज १० होम (साधी आवृत्ती, तिच्यावरची ती प्रो), २०१७ साली डबा घेऊन विकत आणलेलं. डब्यात असते की, म्हणजे विंडोज ॲक्टिव्ह करायचा, परवाना खरा असल्याचं पटवायचा क्रमांक. आठ हजारांच्या आसपास मोजले होते आणि घरात त्यावरून बोलणीही खाल्ली होती. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, म्हणजे आमचा म्हातारा बादच. घरगुती वापरासाठी आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षेचे अपडेट वेगळी नोंदणी करून घेता येतात, हे मला कोणी सांगितलंच नाही. कळलं असतं तर लग्नसराई उरकून मग हात घातला असता. पण तुळशीचं लग्न झालं, ऑर्डरी सुरू व्हायच्या आधी उरकून टाकू म्हणून मी घाई केली.

आधी गेले ते दुकान वेगळं. नाव लिहीत नाही. बाराव्या पिढीचा आयथ्री, नवा मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड), १६ जीबी रॅम आणि छोटी, वेगवान एनव्हीएमई डिस्क बसवली. रॅमचे भाव त्या आठवड्यांत रोज चढत होते, त्यामुळे बिल ठरल्यापेक्षा जास्तच झालं. ते असो. मी डबा सोबत नेला होता. काउंटरवरच्या मुलाने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "राहू द्या मॅडम, मी विंडोज ११ प्रो टाकून ॲक्टिव्ह करून देतो. होमपेक्षा प्रो चांगलं." संध्याकाळी मशीन घरी आलं, झपाझप चाललं, मी खूश.

चार दिवसांनी कळलं की अँटिव्हायरसला एक फोल्डर तपासू नकोस म्हणून सांगून ठेवलेलं आहे. ते मी केलेलं नव्हतं, म्हणजे तिथे काहीही लपवलेलं असू शकतं. माझ्याकडे लोकांचे आधार कार्डाचे झेरॉक्स, शाळांच्या मुलांच्या याद्या येतात. पोटात गोळा आला.

मग बाजूच्या स्टेशनरीवाल्याने या रिपेअरवाल्याचा पत्ता दिला. दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली, बाहेर पाटीही धड नाही. नाव मुद्दाम टाकत नाही, कारण एकटा माणूस आहे आणि दिवसाला दोन-तीनच मशीन घेतो. साताऱ्यातल्यांनी मला विचारा, सांगेन.

त्याचं पहिलं वाक्य: "काकू, डबा आहे का?"

मी डबा काढून टेबलावर ठेवला तेव्हा त्याचा चेहरा उजळला, खरंच. मग त्याने काळी खिडकी उघडून एक आज्ञा टाइप केली. एसएलएमजीआर, जागा, तिरकी रेघ, एक्सपीआर. एक छोटी चौकट आली आणि तिच्यात तारीख होती, मे महिन्यातली. "विकत घेतलेलं विंडोज असेल तर इथे कायमचं ॲक्टिव्ह आहे असं येतं. तुम्हाला तारीख दिलीय." मोठ्या कंपन्यांमध्ये शेकडो मशीन एका सर्व्हरवरून ॲक्टिव्हेट करायची एक पद्धत असते, तिची मुदत १८० दिवसांची. कंपनीत मशीन त्या सर्व्हरला अधूनमधून भेटतं आणि मुदत आपोआप वाढत राहते. माझ्या मशीनला कोणीतरी खोटा सर्व्हर दाखवून फसवलेलं होतं. म्हणजे ऐन मे महिन्यात, पत्रिकांचे गठ्ठे पडलेले असताना, कोपऱ्यात "विंडोज ॲक्टिव्हेट करा" असा फिकट शिक्का उमटायची शक्यता.

मी म्हटलं, मग माझी की टाक की आता. पंचवीस अक्षरं त्यानेच वाचून घेतली. (या कीमध्ये शून्य आणि ओ नसतात, एक आणि आय नसतात. कोणीतरी विचार करून केलंय. पण आठ आणि बी दोन्ही असतात, आणि माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय.) की चालली नाही. कारण साधं होतं: की होमची, मशीनवर प्रो. होमवर प्रोची की टाकली तर ते वर चढतं, पण प्रोवर होमची टाकून खाली उतरत नाही. पुन्हा पहिल्यापासून टाकावं लागतं. "प्रो चांगलं" म्हणून फुकट मिळालेल्या गोष्टीने माझी विकतची गोष्ट निकामी करून ठेवली होती.

आता फॉरमॅट मारायचा म्हटल्यावर मी डी ड्राइव्हचं नाव काढून रडवेली झाले. नऊ वर्षांचे गणपती आहेत त्यात. कलश, तोरणं, सनईवाले, "आमच्या येथे श्रीकृपेकरून" चे बावीस प्रकार. त्याने वाद घातला नाही. झाकण उघडलं आणि जुन्या हार्डडिस्कची, म्हणजे डी ड्राइव्ह जिच्यावर आहे तिची, केबलच उपटून बाजूला केली. का, तर दोन डिस्क जोडलेल्या असल्या की विंडोज कधी कधी स्वतः एका डिस्कवर बसतं आणि सुरू व्हायला लागणारा छोटा भाग दुसरीवर टाकतं. मग पुढे कधी जुनी डिस्क काढली की मशीन उठतच नाही. केबल नसली तर चुकायची सोयच नाही. आधीच्या दुकानात दोन्ही डिस्क जोडूनच काम झालं होतं. आणि तो छोटा भाग खरंच माझ्या जुन्या डिस्कवर जाऊन बसलेला निघाला.

मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, जाऊन टीपीएम चालू आहे का बघितलं. इंटेलच्या बोर्डावर त्याला पीटीटी म्हणतात, वेगळी चिप लागत नाही. विंडोज मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर समोर उतरवलं, कुठल्या तरी खिशातल्या पेन ड्राइव्हवरून नाही. की विचारली तेव्हा "माझ्याकडे की नाही" हा पर्याय दाबला आणि यादीतून होम निवडलं. मला वाटलं चूक करतोय. तो म्हणाला, की नंतरही देता येते, घोळ होतो तो आवृत्तीत.

नंतर की दिली. तर ती दुसऱ्या मशीनवर वापरलेली आहे अशा अर्थाचा संदेश. साहजिकच, आठ वर्षं ती जुन्या मदरबोर्डावर नांदत होती. यातला मुद्दा मला तेव्हा पहिल्यांदा कळला. विंडोज डिस्कवर असतं, पण परवाना मायक्रोसॉफ्टच्या नोंदीत तुमच्या हार्डवेअरच्या, मुख्यतः मदरबोर्डाच्या, ओळखीवर लिहिलेला असतो. डिस्क बदला, फॉरमॅट मारा, तोच बोर्ड असेल तर ते तुम्हाला ओळखतं. बोर्ड बदलला की तुम्ही परके. लॅपटॉपसोबत आलेलं विंडोज तर त्या बोर्डासोबतच जातं. डबा वेगळा घेतलेला असेल तर नव्या मशीनवर नेता येतं, जुन्यावरचं बंद करून. आणि सोपा रस्ता म्हणजे जुनं मशीन जिवंत असतानाच परवाना आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेला असणं.

माझा जोडलेला होता, पण माझ्या हुशारीने नाही. २०१७ मध्ये मुलाने सेटअप करताना स्वतःचं खातं टाकलं होतं. आता तो पुण्यात, रात्रपाळीला, आणि दुपारी दोन वाजता झोपलेला. ओटीपी त्याच्या फोनवर. सहा वेळा फोन लावला. रिपेअरवाला तेवढ्यात चहा सांगून आला, पैसे त्यानेच दिले.

ओटीपी मिळाल्यावर ॲक्टिव्हेशनच्या पानावर ट्रबलशूट दाबून "या मशीनचं हार्डवेअर नुकतंच बदललं आहे" हा पर्याय घेतला. समोर जुन्या मशीनची यादी. डेस्कटॉप, मग आडवी रेघ, मग सात अगम्य अक्षरं. अशी दोन. एक माझं, एक मुलाच्या हॉस्टेलमधल्या सीपीयूचं. कुठलं कुठलं? शेवटी दुकानाच्या जुन्या नोंदवहीत, इंटरनेटवाल्याने राउटर बसवताना लिहून ठेवलेलं नाव सापडलं. वही फोटो काढून पाठवायला शेजारणीला दुकानात धाडलं. रिपेअरवाल्याने पहिल्यांदा आवाज चढवला: "काकू, दुसऱ्यांच्या पत्रिकेवर सात पिढ्यांची नावं छापता आणि स्वतःच्या मशीनला नाव नाही?" ऐकून घेतलं. नव्याचं नाव आता "पत्रिका" आहे.

बटण दाबलं, अर्धा मिनिट गोल फिरलं आणि परवाना खात्याला जोडलेला असून विंडोज ॲक्टिव्ह आहे असं आलं. ती काळी खिडकी त्याने पुन्हा उघडून दाखवली. तारीख गेलेली.

निघताना आणखी एक गोष्ट केली, त्यासाठी मी त्याला पाच तारे द्यायला तयार होते. खात्याने साइन इन करून विंडोज ११ नव्याने टाकलं तर पुष्कळ मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते, होममध्येसुद्धा. उद्या बायोसमध्ये काही बदललं तर ते ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागू शकतं, आणि ती नसेल तर सगळं गेलं. त्याने ती खात्यावर आहे ना हे बघितलं आणि म्हणाला, कुठेतरी लिहून ठेवा. मी दुकानात येऊन ती चोवीस पॉइंटमध्ये छापली, विंडोजची कीही खाली घातली, लॅमिनेट केली आणि गणपतीच्या तसबिरीमागे ठेवली.

मजुरी ८०० रुपये. अडीच-तीन तास त्याने घालवले, त्या मानाने काहीच नाही.

एक तारा कापला, कारणं सांगते. संध्याकाळी सातनंतर फोन उचलत नाही. पावती कोऱ्या कागदावर देतो. आणि माझ्या जुन्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं डोंगल (मशीनला मागे लावायची परवान्याची किल्ली) नव्या विंडोजने ओळखलं नाही, हे मला घरी आल्यावर समजलं. विंडोज ११ नव्याने टाकलं की मेमरी इंटिग्रिटी नावाचं एक संरक्षण बहुधा चालू असतं आणि ते असले जुने ड्रायव्हर, म्हणजे डोंगल चालवणारे छोटे प्रोग्राम, आत घेत नाही. ते बंद करायला मी सांगितलं, तो नाही म्हणाला. "ज्या कारणासाठी तीन तास बसलो तेच दार पुन्हा उघडू?" बरोबर असेल त्याचं, पण माझ्या सगळ्या जुन्या फायली त्याच फॉन्टमध्ये आहेत आणि काम घेताना त्याने हे विचारायला हवं होतं.

सध्या जुना बोर्ड एका खोक्यात बसवून टेबलाखाली ठेवलाय. इंटरनेटची वायर काढलेली, डोंगल मागे, त्यावरचं विंडोज १० आता बिनपरवान्याचं, कोपऱ्यात शिक्का घेऊन. जुन्या पत्रिका त्याच्यावर उघडायच्या, मजकूर युनिकोडमध्ये (एका फॉन्टवर न अडणाऱ्या मराठीत) नव्याने टाइप करून "पत्रिका"वर घ्यायचा. बावीसपैकी चार "श्रीकृपेकरून" झालेत.