आजारी टर्कीचे निदान : लक्षणांवरून औषध, विष्ठेची तपासणी की शवविच्छेदन?

परसात आठ-दहा टर्की पाळणाऱ्यावर ही वेळ अचानक येते. दोन-अडीच महिन्यांचे एखादे पिल्लू पिसे फुलवून, मान आत ओढून, डोळे मिटून कोपऱ्यात उभे राहते. दुसऱ्या दिवशी आणखी दोन पिल्ले खाणे सोडतात आणि तिसऱ्या दिवशी सकाळी खुराड्यात एक मेलेले सापडते. त्याच अंगणात वावरणाऱ्या गावठी कोंबड्या मात्र ठणठणीत असतात. अशा वेळी पाळणाऱ्यापुढे तीन मार्ग असतात : लक्षणे पाहून औषध सुरू करणे, विष्ठेचा नमुना तपासून घेणे, किंवा मेलेला पक्षी प्रयोगशाळेत नेऊन त्याचे शवविच्छेदन करून घेणे. कोणता मार्ग केव्हा धरावा, हे ठरवणाऱ्यासाठी ही तुलना आहे.

लक्षणांवरून औषध देण्याचा मार्ग सर्वांत जवळचा, कारण औषधाचे दुकान संध्याकाळीही उघडे असते. काही आजारांत तो पुरेसाही ठरतो. डोक्यावर आणि चोचीभोवती खपल्या धरल्या असतील तर तो बहुधा देवीचा (फाउल पॉक्स) आजार असतो. डोळ्यांखालचा भाग फुगून नाक वाहत असेल तर मायकोप्लाझ्मा या श्वसनमार्गाच्या जिवाणूचा संशय घेणे योग्य असते. पण मलूल पक्षी आणि पातळ, पिवळसर विष्ठा एवढेच दिसत असेल, तर ब्लॅकहेड (यकृत आणि आंधळ्या आतड्यांचा परजीवीजन्य आजार), रक्ती हगवण (कॉक्सिडिओसिस), पटकी (फाउल कॉलरा) आणि जंत यांपैकी काहीही असू शकते. कोंबड्यांवरून बांधलेले आडाखे इथे विशेष फसवतात. रक्ती हगवणीत कोंबडीच्या विष्ठेत रक्त दिसते, टर्कीत मात्र ते क्वचितच दिसते, त्यामुळे रक्त नाही म्हणून हा आजार नाही असे म्हणता येत नाही. मानमोडी (राणीखेत) टर्कीत कोंबड्यांपेक्षा सौम्य रूपात येऊ शकते, म्हणून मान वाकडी झाली नाही एवढ्यावरून तीही बाद करता येत नाही. ब्लॅकहेडमध्ये नावाप्रमाणे डोके काळे पडतेच असे नाही. गंधकासारखी पिवळी विष्ठा ही त्याची अधिक विश्वासार्ह खूण असली, तरी उपाशी पक्ष्याची विष्ठाही पिवळी-हिरवी होत असल्याने तिला पुरावा मानता येत नाही.

या मार्गात औषधाच्या पैशांपेक्षा वाया जाणारे दिवस महाग पडतात. अँप्रोलियम हे औषध रक्ती हगवणीवर चालते, पण ब्लॅकहेडच्या परजीवीला त्याचा काही त्रास होत नाही. माझ्या परसात पाच दिवस मी तेच पाण्यातून देत राहिलो आणि त्या पाच दिवसांत चार पिल्ले गेली. ती हळहळ अजून गेलेली नाही, आणि या लेखात शवविच्छेदनाकडे माझा कल दिसेल त्याचे कारणही तेच आहे.

विष्ठेची तपासणी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातही होऊ शकते आणि त्यासाठी पक्षी मरावा लागत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी आणि रक्ती हगवणीच्या परजीवीच्या पुटिका (विष्ठेतून बाहेर पडणारी त्याची अंड्यासारखी अवस्था) दिसतात. मात्र निष्कर्ष काढताना सावध राहावे लागते. थोड्या पुटिका निरोगी पक्ष्यांतही आढळतात, त्यामुळे त्या सापडल्या म्हणून मृत्यूचे कारण सापडले असे होत नाही. उलट, ब्लॅकहेडचा परजीवी शरीराबाहेर अल्पकाळच तगतो आणि थंड झालेल्या नमुन्यात तो ओळखता येत नाही. म्हणूनच ‘काही आढळले नाही’ हा शेरा वाचून निर्धास्त होऊ नये. या तपासणीचा खरा उपयोग मला टर्कींपेक्षा त्यांच्यासोबतच्या कोंबड्यांसाठी अधिक वाटतो. कोंबड्यांच्या आंधळ्या आतड्यात राहणाऱ्या हेटेराकिस जंताच्या अंड्यांतून ब्लॅकहेडचा परजीवी पसरतो. कोंबडी स्वतः सहसा आजारी दिसत नाही, पण तिच्या विष्ठेतून ती अंडी मातीत जातात, तिथे वर्षानुवर्षे टिकतात, आणि ती गिळलेली गांडुळे खाऊनही टर्कीला लागण होते. कोंबड्या ठणठणीत आणि टर्की मात्र मरताहेत, या कोड्याचा उलगडा पुष्कळदा इथे होतो.

शवविच्छेदनाचा मार्ग लांबचा आहे. पुण्यात औंध येथे पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, तर मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. निघण्यापूर्वी तिथे दूरध्वनी करून नमुना कसा आणि कधी आणावा हे विचारून घ्यावे. प्रवासात एक दिवस मोडतो, पण पक्षी उघडल्यावर जे दिसते ते इतर दोन मार्गांनी कधीच दिसत नाही. ब्लॅकहेडमध्ये यकृतावर मध्ये खोलगट आणि कडेला उठावदार असे गोल डाग असतात आणि आंधळ्या आतड्यांच्या भिंती जाड होऊन आत पनीरसारखा घट्ट गोळा साठतो. या दोन्ही खुणा एकत्र आढळल्या तर अनुभवी डॉक्टरांना फारशी शंका उरत नाही. पटकीत यकृतावर टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके दिसू शकतात आणि रक्ताच्या काचपट्टीवर दोन्ही टोकांना रंग घेणारे जिवाणू आढळतात. रक्ती हगवण असेल तर आतड्याच्या खरवडीत परजीवी सापडतात.

कधीकधी आत काहीच विशेष सापडत नाही, आणि तेही उपयोगाचे असते, कारण मग संशय खाद्याकडे वळतो. ब्रॉयलर कोंबड्यांच्या तयार खाद्यात रक्ती हगवण रोखण्यासाठी सॅलिनोमायसिन घातलेले असू शकते. कोंबडीला सोसणारी त्याची मात्रा टर्कीसाठी, विशेषतः मोठ्या टर्कीसाठी, विषारी ठरते : पाय लुळे पडतात, पक्षी उठत नाही आणि मरतो. हा संशय घरबसल्याही तपासता येतो. म्हणून कोणताही मार्ग धरण्यापूर्वी खाद्याच्या पोत्यावरचे लेबल वाचावे, हे पोते कधीपासून सुरू केले ते आठवावे आणि शंका येताच ते खाद्य थांबवावे.

मेलेला पक्षी नेताना तो साबणाच्या पाण्याने भिजवून, दोन प्लॅस्टिक पिशव्यांत गुंडाळून, बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोहोचवावा. फ्रीझरमध्ये गोठवल्यास पेशी फुटतात आणि सूक्ष्म तपासणी निकामी होते. सोबत पक्ष्यांचे वय, दिलेली औषधे आणि रोजच्या मरतुकीची नोंद न्यावी. मरणपंथाला लागलेला एखादा जिवंत पक्षी नेला तर निदान आणखी पक्के होते. तो निर्णय जड जातो, परंतु मागे राहिलेल्यांसाठी तो घ्यावा असे मला मनापासून वाटते.

एका परिस्थितीत मात्र यांतले काहीही स्वतःहून करू नये. एक-दोन दिवसांत बरेच पक्षी अचानक मेले, किंवा कोंबड्याही सोबत मरू लागल्या, तर बर्ड फ्लूची शक्यता धरावी. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला देशातील पहिला प्रादुर्भाव आढळला आणि २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंब्यातही कोंबड्या दगावल्या. अशा वेळी पक्षी उघडू नये, हलवू नये, विकू नये. पशुधन विकास अधिकाऱ्यांना कळवावे. नमुने तेच घेतात आणि अंतिम खात्री भोपाळच्या प्रयोगशाळेत होते.

एरवी, म्हणजे मरतूक हळूहळू होत असेल आणि बाह्य खुणा बोलक्या नसतील तेव्हा, पहिल्याच मृत्यूला शवविच्छेदन करून घ्यावे आणि विष्ठेच्या तपासणीला त्याची जोड समजावे. अहवाल येईपर्यंत अंदाजाने प्रतिजैविके देऊ नयेत, पण आजारी पक्षी त्याच दिवशी वेगळे करावेत, कारण ब्लॅकहेड टर्कीकडून टर्कीकडे थेटही पसरतो. या आजारावर परिणामकारक असलेली नायट्रोइमिडाझोल गटातील औषधे अन्नासाठी पाळलेल्या पक्ष्यांत अमेरिकेत आणि युरोपीय संघात वापरता येत नाहीत. मग निदान करून उपयोग काय, असे काहीजण विचारतात. उपयोग उरलेल्या पक्ष्यांना आणि पुढच्या पिल्लांना होतो. ब्लॅकहेड निघाला तर कोंबड्यांचे जंतनिर्मूलन करावे लागते आणि नव्या टर्कींना, कोंबड्या कधीच फिरल्या नाहीत अशी जमीन किंवा उंचावरची जाळीची जागा द्यावी लागते. रक्ती हगवण निघाली तर लिटर (खुराड्यात जमिनीवर पसरलेला भुसा-तूस) कोरडे ठेवणे आणि योग्य औषध यांवर भागते, जागा बदलण्याचा खर्च करावा लागत नाही.